त्रुबेत्स्कोय घराणं लिथुआनियन की रशियन? एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रेवदंड्याच्या अफानासी निकितीन स्मारकावर लेख लिहिताना, पंधराव्या शतकात भारतात आलेल्या निकितीन या रशियन व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनाचा अभ्यास करणाऱ्या निकोलाय त्रुबेत्स्कोय या भाषाशास्त्रज्ञाचं नाव तुम्हाला सापडलं. त्याची माहिती शोधायला गेलात, तर एके ठिकाणी ‘लिथुआनियन राजवंशातलं घराणं’ असं आढळलं आणि दुसरीकडे ‘रशियन सरदार घराणं’ असं. पोलंडच्या इतिहासात त्रुबेत्स्की नावाचा एक कॅथलिक भेटला आणि झारविरुद्धच्या १८२५च्या डिसेंबर बंडाच्या यादीत आणखी एक त्रुबेत्स्कोय निघाला. हे सगळे एकाच घरातले का, आणि असतील तर हे लोक लिथुआनियाशी फितुरी करून रशियाला मिळाले होते का, असं तुम्ही विचारलंत.

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. हो, सगळे एकाच घरातले. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र तुम्ही कोणत्या सालातल्या माणसाबद्दल विचारता यावर अवलंबून आहे. १३७९ साली जे वागणं सरळ राजकारण समजलं जाई, तेच वागणं १५३४ साली मानेवर बेतणारा गुन्हा झालं होतं. मधल्या काळात जे बदललं ते समजून घेतलं तरच या घराण्याचा इतिहास नीट लागतो.

मी बरीच वर्षं रशियाचा इतिहास शिकवते. अशा सरहद्दीवरच्या घराण्यांबद्दल विद्यार्थी गोंधळले की त्यांना कागदावर तीन रकाने आखायला लावते. पहिल्यात साल, दुसऱ्यात घराण्याचं मूळ ठाणं त्या साली कोणत्या राज्यात होतं ते, आणि तिसऱ्यात त्या पिढीतला कर्ता माणूस कोणाच्या पदरी होता ते. त्रुबेत्स्कोयांचं ठाणं म्हणजे त्रुबचेव्स्क, देस्ना नदीकाठचं लहानसं गाव. आज ते रशियाच्या ब्रियान्स्क प्रांतात, युक्रेन आणि बेलारूसच्या सरहद्दींपासून जवळ आहे. या गावाचा रकाना भरत गेलं की लक्षात येतं, बऱ्याच वेळा माणूस हललेला नाही, सरहद्द हललेली आहे. आणि जिथे माणूस हलला, तिथे तो का हलला हे विचारायला मग जागा मिळते.

आता मुळापासून. तेव्हाचा लिथुआनिया आजच्या चिमुकल्या देशासारखा डोळ्यांसमोर आणू नका. गेदिमिनास (१३१६ ते १३४१) आणि त्याचा मुलगा अल्गिर्दस (१३४५ ते १३७७) यांच्या काळात हे राज्य पूर्वेला आणि दक्षिणेला पसरत गेलं. मंगोल स्वारीनंतर विस्कळीत झालेल्या जुन्या रूस मुलखातली पोलोत्स्क, वितेब्स्क, ब्रियान्स्क, चेर्निगोव्ह, किएव्ह अशी मोठी शहरं एकेक करून त्यांच्या हाती आली. राजवंश लिथुआनियन, पण बहुसंख्य प्रजा स्लाव्ह भाषा बोलणारी आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. दरबारचे कागदही पुढे याच पूर्व स्लाव्ह भाषेत, सिरिलिक लिपीत लिहिले जात. गेदिमिनासच्या वंशातल्या मुलांना एकेका पूर्वेकडच्या शहरावर पाठवलं जाई. ती मुलं तिथे ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मा घेत, तिथल्या राजकन्यांशी लग्नं करत, आणि एक-दोन पिढ्यांत बोलीने, धर्माने, चालीरीतीने त्या मुलखाची होऊन जात. बापाकडून वंश लिथुआनियन, बाकी सगळं रूस. त्रुबेत्स्कोयांचा मूळपुरुष द्मित्री हा असाच. अल्गिर्दसचा मुलगा, पण आई वितेब्स्कची राजकन्या, स्वतः ऑर्थोडॉक्स, आणि ताब्यात ब्रियान्स्क, स्तारोदुब, त्रुबचेव्स्क.

१३७७ साली अल्गिर्दस वारला आणि गादी मिळाली योगाइलाला, म्हणजे दुसऱ्या बायकोच्या मुलाला. पहिल्या बायकोची थोरली मुलं बाजूला पडली. पोलोत्स्कचा आंद्रेई आधी प्स्कोव्हला आणि मग मॉस्कोला गेला. १३७९च्या डिसेंबरात मॉस्कोचं सैन्य स्तारोदुब आणि त्रुबचेव्स्कवर चालून आलं, आणि त्या सैन्यात द्मित्रीचा सख्खा भाऊ आंद्रेई होता. पुढे काय झालं ते रशियन बखरीत फार नेमक्या शब्दांत आलं आहे. द्मित्रीने लढाई दिली नाही, मॉस्कोच्या महाराजाविरुद्ध हात उचलला नाही. राणी, मुलं आणि आपले सरदार घेऊन तो शहराबाहेर पडला आणि मॉस्कोला जाऊन चाकरीला रुजू झाला. मॉस्कोचा महाराजा द्मित्री दोन्स्कोय याने त्याला मानाने घेतलं आणि पेरेस्लाव्ल हे गाव सगळ्या महसुलासकट दिलं.

ही नोंद मी वर्गात सावकाश वाचायला लावते, कारण तिच्यात या सगळ्या प्रकाराची रचना दिसते. राजा एकटा पळून आलेला नाही. बायको-मुलं आणि पदरची माणसं घेऊन, उजळ माथ्याने आला आहे. समोरच्यानेही त्याला आश्रित मानलेलं नाही, लगेच उत्पन्नाचं गाव तोडून दिलं आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना हा व्यवहार ओळखीचा होता. पुढच्याच वर्षी, ८ सप्टेंबर १३८० रोजी, कुलिकोवोच्या मैदानावर द्मित्री आणि आंद्रेई हे दोघे भाऊ मॉस्कोकडून मामाईच्या तातार फौजेशी लढले. त्यांचा सावत्र भाऊ योगाइला तेव्हा मामाईचा दोस्त होता, पण त्याची फौज वेळेवर पोहोचली नाही. नाहीतर एका बापाची मुलं त्याच मैदानात समोरासमोर उभी राहिली असती.

याला फितुरी म्हणायचं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. हा राजघराण्यातला गादीचा वाद होता आणि नाराज भाऊबंदाने शेजारच्या दरबारी जाणं ही त्या काळातली राजमान्य वाट होती. पुरावा द्मित्रीच्या पुढच्या आयुष्यातच आहे. काही वर्षांनी तो परत लिथुआनियाकडे गेला, १३८८ साली त्याच योगाइलाशी, जो तोवर पोलंडचा राजा आणि कॅथलिक झाला होता, त्याने निष्ठेचा करार केला, आणि १२ ऑगस्ट १३९९ रोजी वोर्स्क्ला नदीवरच्या लढाईत तातारांशी लढताना लिथुआनियाच्या बाजूने मेला. मॉस्कोने या जाण्याला गुन्हा मानलं नाही, लिथुआनियानेही परत येणाऱ्याला हाकललं नाही. दोन्हीकडची दारं उघडी होती.

त्याच्या वंशजांनी पुढची शंभर वर्षं लिथुआनियाच्या छत्राखाली त्रुबचेव्स्क सांभाळलं. त्या काळाबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. लहान राजे होते, लहानच राहिले. आणि मला वाटतं, हे लहानपणच पुढे त्यांना तारून गेलं.

घराणं कायमचं मॉस्कोच्या चाकरीत गेलं ते साल १५००. रशियन पुस्तकांत याचं कारण धर्म असं दिलेलं असतं, पोलिश-लिथुआनियन पुस्तकांत मॉस्कोची जमिनीची हाव. दोन्ही बाजू पुरावे देतात आणि दोन्हींचे पुरावे खरे आहेत. १४९५ साली लिथुआनियाच्या अलेक्सांदरचं लग्न मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानची मुलगी येलेना हिच्याशी झालं. तिचा ऑर्थोडॉक्स धर्म राखला जाईल असं वचन होतं. काही वर्षांत मॉस्कोहून तक्रारी सुरू झाल्या की तिच्यावर आणि एकूणच ऑर्थोडॉक्स लोकांवर कॅथलिक होण्याचा दबाव येतो आहे. सरहद्दीवरच्या ऑर्थोडॉक्स राजांना याची धास्ती होती हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वेळी मॉस्कोच्या फौजा ब्रियान्स्कपर्यंत येऊन ठेपल्या होत्या, शेजारचे वोरोतिन्स्की, ओदोयेव्स्की वगैरे राजे आधीच्या दशकातच पलीकडे गेले होते, आणि त्रुबचेव्स्कसारखं ठाणं दोन जात्यांत सापडलं होतं. धर्माने मन तयार केलं आणि फौजेने वेळ ठरवली, असं मी या घटनेकडे बघते.

त्या वर्षी त्रुबेत्स्कोयांबरोबर पलीकडे गेले दोन मोठे राजे: स्तारोदुबचा सेम्योन आणि नोव्हगोरोद-सेव्हेर्स्कीचा वासिली शेम्याचिच. ते कोण होते? मॉस्कोच्या राजवंशातलेच. सेम्योनचा बाप इव्हान मोझाइस्की आणि वासिलीचा आजा शेम्याका यांनी पंधराव्या शतकाच्या मध्यात मॉस्कोच्या गादीसाठी तिसऱ्या इव्हानच्या बापाशी झुंज घेतली होती. ती हरल्यावर त्यांची घरं लिथुआनियात गेली, तिथे त्यांना मुलूख मिळाले, आणि आता १५०० साली तेच मुलूख घेऊन त्यांची पुढची पिढी मॉस्कोला परत आली. लिथुआनियन वंशाचे राजे मॉस्कोकडे आणि मॉस्को वंशाचे राजे लिथुआनियाकडे, अशी ये-जा दोन्ही बाजूंनी चालू होती. एकाच बाजूच्या इतिहासात वाचलं की ती निम्मीच दिसते.

१४ जुलै १५०० रोजी वेद्रोशा नदीवर लिथुआनियाचा मोठा पराभव झाला आणि १५०३च्या तहाने सुमारे एक तृतीयांश राज्य मॉस्कोकडे गेलं. त्यात त्रुबचेव्स्कही गेलं. आता तीन रकान्यांतला दुसरा रकाना बदलला.

इथे ‘चाकरी’ म्हणजे काय ते थोडं खुलवून सांगते, कारण तुमच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. मॉस्कोत जमीन दोन प्रकारची होती. एक वडिलोपार्जित, आपल्या वतनासारखी, तिला वोतचिना म्हणत. दुसरी चाकरीच्या मोबदल्यात दिलेली, चाकरी संपली की परत जाणारी, तिला पोमेस्तिये म्हणत. त्रुबेत्स्कोय सुरुवातीला ‘सेवक राजे’ म्हणून आले: गाव त्यांचंच, फौजफाटा त्यांचा, पण महाराजा बोलावेल तेव्हा हजर व्हायचं. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे बदलत गेलं. इव्हान चौथ्याने वतनी जमिनीवरही चाकरीचं बंधन घातलं. १५५६च्या हुकुमाप्रमाणे ठरावीक क्षेत्रामागे एक हत्यारबंद घोडेस्वार द्यावा लागे, मग जमीन कुठल्याही प्रकारची असो. सरहद्दीवरचे हे राजे हळूहळू दरबारी सरदार झाले.

त्याच वेळी दरबारात मानपानाची एक कडक पद्धत चालत होती. तिला मेस्त्निचेस्त्वो म्हणत. कोणाचा बाप-आजा कोणत्या मोहिमेत कोणाच्या वर किंवा खाली नेमला गेला होता, यावरून आजच्या नेमणुकीतला क्रम ठरे. हाताखाली काम करायला नकार देऊन लोक महाराजापर्यंत तक्रारी नेत, कारण एकदा कमीपणा घेतला की तो नातवंडांच्या माथी बसे. या पद्धतीत गेदिमिनासचा वंश ही मोठी पुंजी होती. बेल्स्की, म्स्तिस्लाव्स्की, गोलित्सिन, कुराकिन, खोवान्स्की ही घराणी त्याच वंशातली, आणि यांतली काही तर जुन्या मॉस्को सरदारांच्या वर बसत. म्हणून तुम्हाला रशियन कागदांत ‘लिथुआनियन वंश’ हा उल्लेख अभिमानाने केलेला दिसतो. तो परकेपणाचा शिक्का नव्हता, राजरक्ताचा दाखला होता. १६८२ साली ही पद्धत मोडून तिच्या वह्या जाळल्या गेल्या, तोवर या दाखल्याला रोखीची किंमत होती.

मान मिळाला, पण एक गोष्ट गेली. परतीची वाट. १३७९ सालच्या द्मित्रीसारखं आज इकडे, उद्या तिकडे करणं आता शक्य नव्हतं. मॉस्को मोठ्या घराण्यांकडून क्रूसाचं चुंबन घेऊन लेखी शपथा लिहून घेई की आम्ही दुसऱ्या राजाकडे जाणार नाही, आणि त्या शपथेला इतर सरदार मोठ्या रकमेची जामीनकी देत. एक पळाला तर पाच-पन्नास घरं बुडणार. मिखाइल ग्लिन्स्की १५०८ साली लिथुआनियातून आला तेव्हा त्याचं स्वागत झालं. १५१४ साली परत जायला निघाला तेव्हा पकडून कैदेत टाकलं गेलं. १५३४ साली सेम्योन बेल्स्की लिथुआनियाला पळाला तर तो राजद्रोही ठरला. आत येताना उघडणारं आणि बाहेर जाताना बंद असणारं दार, असा हा मॉस्कोचा नवा कायदा होता. तुम्ही ‘फितूर’ हा शब्द वापरलात, तो या काळापासून पुढे लागू होतो, आणि तोही फक्त मॉस्को सोडणाऱ्याला.

बरोबर आलेल्या वासिली शेम्याचिचचं काय झालं बघा. मोठा मुलूख आणि स्वतंत्र बाणा असल्याने तो मॉस्कोला खुपत राहिला. १५२३ साली त्याला बोलावून अटक झाली आणि १५२९ साली तो कैदेतच मेला. त्याचा मुलूख खालसा झाला. त्रुबेत्स्कोयांचं गाव लहान, दावा कशावरच नाही. ते टिकले.

इथवरचं थोडक्यात: १३७९ला मॉस्कोकडे, मग परत लिथुआनियाकडे, १५००ला गावासकट कायमचे मॉस्कोकडे, आणि त्यानंतर राजे म्हणून असलेली मोकळीक जाऊन दरबारातला मान हाती. पोलंडकडच्या त्या कॅथलिक त्रुबेत्स्कीची हकीकत इथून पुढे सुरू होते, आणि मला विचाराल तर या घराण्याच्या इतिहासातला सगळ्यात वेधक भाग हाच आहे.

१५९८ साली मॉस्कोचा जुना राजवंश संपला. पुढची पंधरा वर्षं मेलेला राजपुत्र द्मित्री आपणच असं सांगणारे तोतये, उपासमार, परकी फौजा असा गोंधळ माजला. १६१० साली झारला गादीवरून उतरवून सात सरदारांच्या मंडळाने कारभार हाती घेतला आणि पोलंडच्या राजपुत्राला झार म्हणून निवडून पोलिश फौज क्रेमलिनमध्ये घेतली. त्या सातांत एक आंद्रेई वासिलियेविच त्रुबेत्स्कोय होता. त्याच सुमारास क्रेमलिनला बाहेरून वेढा घालणाऱ्यांचा एक मुख्य सेनापती होता द्मित्री तिमोफेयेविच त्रुबेत्स्कोय. हा आधी दुसऱ्या तोतया द्मित्रीच्या छावणीत सरदार झालेला, नंतर १६११च्या पहिल्या लोकसेनेचा पुढारी. आणि द्मित्रीचा चुलतभाऊ युरी निकितिच पोलंडच्या राजाकडे गेला, तो तिकडचाच झाला. एकाच भाऊबंदकीतली तीन माणसं, तीन बाजूंना.

द्मित्रीचा भाग रशियन शालेय पुस्तकांत अन्यायाने आखडला जातो. मॉस्को सोडवल्याचं श्रेय दुसऱ्या लोकसेनेचे पुढारी मिनिन आणि पोझार्स्की यांना मिळतं, आणि लाल चौकात पुतळाही त्या दोघांचा आहे. पण ऑक्टोबर १६१२ मध्ये क्रेमलिनलगतच्या किताय-गोरोदचा कोट जिंकणाऱ्या हल्ल्यात द्मित्रीचे कोसॅक, म्हणजे सरहद्दीवरचे लढवय्ये, पुढे होते, आणि नवा झार निवडला जाईपर्यंतच्या कारभारात सह्यांमध्ये त्याचं नाव पोझार्स्कीच्या आधी येतं, कारण मानाने तो वरचा. जानेवारी १६१३ मध्ये त्याला वागा हा उत्तरेचा मोठा मुलूख वतन म्हणून दिला गेला. ‘पितृभूमीचा तारणहार’ असा किताब त्याच्या नावाला चिकटला. गादीसाठी त्याचंही नाव चर्चेत होतं. निवड मिखाइल रोमानोव्हची झाली. पुढे द्मित्री सैबेरियातल्या तोबोल्स्कला सुभेदार म्हणून गेला आणि १६२५ साली तिथेच मेला. तोतयाच्या छावणीतलं त्याचं आधीचं वागणं मी झाकत नाही, पण त्या काळात निष्कलंक राहिलेला मोठा सरदार शोधूनच काढावा लागेल.

आता युरी निकितिच. त्याने कॅथलिक धर्म घेतला आणि विगुंद हिएरोनिम असं नाव धारण केलं. १६१८च्या देउलिनो तहाने त्रुबचेव्स्क पोलंड-लिथुआनियाकडे गेलं, आणि वाडवडिलांचं गाव मिळालं ते याला. म्हणजे तिकडे मॉस्कोत त्याचा सख्खा भाऊ अलेक्सेई निकितिच झारच्या पदरी, आणि इकडे विगुंद वडिलोपार्जित ठाण्याचा धनी, पण पोलंडच्या राजाचा मांडलिक. तुमच्या पोलिश यादीतला त्रुबेत्स्की तो हाच. मॉस्कोच्या नजरेने हा पक्का राजद्रोही. त्याच्या स्वतःच्या नजरेने बघितलं तर दोनशे वर्षांपूर्वी ज्या राज्याच्या छत्राखाली घराण्याने हेच गाव सांभाळलं होतं, त्याच राज्यात तो गावासह परत आला होता. मी विद्यार्थ्यांना दोन्ही बाजूंनी लिहायला सांगते आणि मग विचारते की यातली कोणती बाजू खोटी आहे. दोन्ही खऱ्या असल्याचं त्यांच्या ध्यानात येतं.

त्रुबचेव्स्क १६४०च्या दशकात सरहद्दीच्या फेरवाटणीत परत रशियाकडे आलं. अलेक्सेई निकितिच हा झार अलेक्सेईच्या मोठ्या सेनापतींपैकी एक झाला. १६५४च्या स्वारीत त्याने लिथुआनियाच्या राज्यातलं म्स्तिस्लाव्ल हे शहर घेतलं. तिथल्या रहिवाशांची मोठी कत्तल झाली आणि बेलारूसमध्ये ती आजही त्रुबेत्स्कोयच्या नावाने ओळखली जाते. लिथुआनियन वंशाच्या माणसाने लिथुआनियाच्या राज्यातलं शहर असं उद्ध्वस्त करावं, ही गोष्ट वंशाने निष्ठा ठरत नाही याची सगळ्यात कठोर साक्ष आहे, आणि घराण्याचं कौतुक करताना ती गाळू नये. १६५९ साली कोनोतोपला कोसॅक आणि क्रिमियाच्या तातारांकडून त्याने मोठा मार खाल्ला. तरी झारची मर्जी टिकली आणि १६६० साली त्रुबचेव्स्क त्याला पुन्हा वतन म्हणून मिळालं.

पण त्याला मूल नव्हतं. मॉस्कोतली शाखा संपण्याच्या बेतात होती. तेव्हा वारस आला तो पलीकडून. विगुंदचा नातू युरी पेत्रोविच १६५७ साली, कोवळ्या वयात, पोलंड-लिथुआनियातून रशियात आला, ऑर्थोडॉक्स धर्मात परतला आणि या निपुत्रिक चुलत आजोबाच्या घरात सामावला गेला. पुढे त्याचं लग्न गोलित्सिन घराण्यातल्या इरिनाशी झालं, म्हणजे तीही गेदिमिनासच्याच वंशातली. यानंतरचे सगळे त्रुबेत्स्कोय, तुमचे भाषाशास्त्रज्ञ आणि ते बंडखोर धरून, या युरी पेत्रोविचची संतती. म्हणजे ज्याला मॉस्कोने द्रोही म्हटलं त्या विगुंदचाच वंश रशियात टिकला. तुम्ही तो पोलिश त्रुबेत्स्की वेगळ्या घरातला असावा म्हणून बाजूला ठेवायच्या विचारात होतात. ठेवू नका, तो सगळ्यांचा पूर्वज आहे.

अठरावं शतक पटकन पार करते, कारण इथून पुढे घराणं झार पीटरने घालून दिलेल्या चौकटीतलं नेहमीचं सरदार घराणं झालं. युरी पेत्रोविचचा एक मुलगा इव्हान १७०० साली नार्व्हाच्या लढाईत स्वीडिशांच्या हाती लागला आणि अठरा वर्षं कैदेत राहिला. १७१८ साली त्याची आणि गोलोविन या सेनापतीची मिळून स्वीडनच्या फील्ड मार्शल रेन्स्कॉल्डशी अदलाबदल झाली. कैदेच्या काळात त्याला विवाहबाह्य मुलगा झाला, त्याला घराण्याच्या नावाचा पुढचा भाग कापून बेत्स्कोय हे आडनाव दिलं गेलं. हाच इव्हान बेत्स्कोय कॅथरिन दुसरीच्या काळात रशियातल्या मुलींच्या पहिल्या सरकारी शाळेमागचा, १७६४च्या स्मोल्नी संस्थेमागचा माणूस. कापलेलं आडनाव घेऊन आलेल्या मुलाने घराण्यातल्या दोन-दोन फील्ड मार्शलांपेक्षा टिकाऊ काम केलं, असं मला वाटतं.

१७६२ साली सरदारांवरची सक्तीची चाकरी उठली. अडीच शतकांहून अधिक काळ ज्या बंधनाने हे घराणं मॉस्कोशी बांधलेलं होतं ते कायद्याने सुटलं. आता झारची सेवा ही निवड होती, आणि निवड म्हटली की नाकारण्याचा विचारही शक्य झाला. सेर्गेई पेत्रोविच त्रुबेत्स्कोय हा नेपोलियनविरुद्धच्या लढायांत लढलेला गार्ड दलातला कर्नल, १८२५च्या बंडाचा ठरवलेला सर्वाधिकारी. १४ डिसेंबरला सैन्य सेनेटच्या चौकात जमलं, पण हा तिथे गेलाच नाही. रात्री आपल्या साडूच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या वकिलाच्या, घरी सापडला. मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती सैबेरियातल्या सक्तमजुरीवर आली. त्याची बायको येकातेरिना पतीमागून सैबेरियात जाणाऱ्या बायकांपैकी पहिली. १८५४ साली ती इर्कुत्स्कलाच वारली. दोनच वर्षांनी माफी आली. या माणसाच्या चौकात न जाण्याला भित्रेपणा म्हणतात. मला त्यात बंड फसणार हे ओळखूनही वेळेवर ते स्पष्ट न सांगणाऱ्या माणसाची घालमेल दिसते, पण त्याच्या साथीदारांचं नुकसान त्याने कमी होत नाही.

आता तुमचा भाषाशास्त्रज्ञ. निकोलाय सेर्गेयेविच (१८९० ते १९३८) हा मॉस्को विद्यापीठाच्या पहिल्या निवडून आलेल्या कुलगुरूचा मुलगा. क्रांतीनंतर देश सोडून सोफिया आणि १९२२ पासून व्हिएन्ना. भाषेतल्या ध्वनींचा अभ्यास अर्थभेदाच्या आधारे कसा करायचा याचा पाया त्याने घातला. निकितीनवरचा त्याचा निबंध १९२६चा. चौलला उतरून जुन्नर, बीदरपर्यंत गेलेल्या या व्यापाऱ्याच्या टिपणांत त्याला जाणीवपूर्वक केलेली रचना दिसली: मुलखाची स्थिर वर्णनं आणि प्रवासाची धावती कथा आलटून पालटून, आणि मधून मधून परक्या धर्माच्या देशात एकट्या पडलेल्या ऑर्थोडॉक्स माणसाची व्याकुळता. निकितीन अरबी, फारसी, तुर्की शब्दांत प्रार्थना का करतो, याचाही त्याने विचार केला. हा निबंध लिहिणारा माणूस स्वतः परदेशात होता, जमीन आणि दरबार दोन्ही गेलेले होते. ऑस्ट्रिया हिटलरने घेतल्यावर गेस्टापोने त्याच्या घराची झडती घेऊन कागद नेले, आणि काही आठवड्यांतच, जून १९३८ मध्ये, तो वारला.

तुमच्या लेखात त्याची ओळख करून देताना ‘लिथुआनियन राजपुत्र’ असं लिहू नका, वाचकाची दिशाभूल होईल. ‘लिथुआनियाच्या गेदिमिनास राजवंशातून आलेल्या आणि १५०० पासून मॉस्कोच्या चाकरीत असलेल्या रशियन सरदार घराण्यातला’ असं लिहा. लांब आहे, पण बरोबर आहे. आणि पुढे शोध घेताना नुसतं नाव-आडनाव बघू नका, मधलं वडिलांचं नाव बघा, कारण या घरात तीच तीच नावं फिरत राहतात. सेर्गेई पेत्रोविच हा १८२५चा बंडखोर आणि सेर्गेई निकोलायेविच हा १९०५चा कुलगुरू, निकोलायचा बाप. युरी निकितिच म्हणजे पोलंडला गेलेला विगुंद आणि युरी पेत्रोविच म्हणजे तिथून परत आलेला त्याचा नातू. पोलिश पुस्तकांत आडनाव त्रुबेत्स्की असं येईल, इटलीत वाढलेल्या शिल्पकार पावेलचं फ्रेंच वळणाने लिहिलेलं दिसेल. वेगळ्या अक्षरांमुळे वेगळं घर समजू नका.